वाइड लेन्सने काळवंडणारे कोपरे: चार बाय पाच कॅमेरा नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

वाईतल्या एका जुन्या वाड्याचं माजघर मी ९० मिलिमीटरच्या लेन्सने स्लाइड फिल्मवर घेतलं होतं. खोली लहान होती आणि मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून कॅमेरा पार भिंतीला टेकवलेला. फिल्म धुऊन आली तेव्हा देव्हारा आणि मधले खांब हवे तसे उतरले होते, पण वरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या तुळया आणि त्यांच्याखालचं कोरीव काम काळ्यात बुडून गेलं होतं. मीटर नीट धरलं होतं, होल्डरमध्ये (शीट ठेवायच्या बंद चौकटीत) कुठून उजेड शिरला नव्हता. धुण्यात चूक झाली असेल असं समजून मी आणखी दोन शीट तशाच घालवल्या. तो वाडा नंतर पाडला गेला. त्या तुळया माझ्या शीटवर नाहीत आणि आता दुसऱ्या कुणाच्या शीटवरही येणार नाहीत.

चूक धुण्यात नव्हती. वाइड लेन्स कोपऱ्यांना मध्यापेक्षा कमी प्रकाश देते, आणि किती कमी ते आधी काढता येतं. नव्याने लार्ज फॉरमॅटकडे, म्हणजे चार बाय पाच इंचांच्या सुट्या शीटवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याकडे, येणाऱ्यांना हे वेळेत कळावं म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो त्या क्रमाने लिहितो. पहिले तीन टप्पे तर लेन्सवर पुढचा पैसा घालण्याआधीच वाचा.

लागणाऱ्या गोष्टी

- कोपरे कापलेली ग्राउंड ग्लास, म्हणजे फोकस बघायची मागची दुधी काच. नसेल तर मागची चौकट सहज निघेल असा कॅमेरा
- स्पॉट मीटर
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर, फोनमधला चालेल
- दुधी रंगाचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, लेन्सचं तोंड पूर्ण झाकेल एवढा
- चाचणीसाठी दोन-तीन शीट फिल्म
- काळा जाड कार्डबोर्ड आणि कात्री, डार्करूम असेल तर
- सेंटर फिल्टर (मध्याचा प्रकाश कमी करणारा, टप्पा ४ पाहा), पण तो घ्यायचा की नाही हे टप्पा ३ वाचून ठरवा

१. काळोख कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखा

कोपरा तीन कारणांनी काळा होतो आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण म्हणजे सरळसरळ काहीतरी आड येणं. वाइड लेन्स लावली की बेलोज (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता) फार दाबले जातात, त्यांच्या घड्या फुगून आत येतात आणि कोपरा खातात. एकावर एक लावलेले फिल्टर, लांब हूड, फील्ड कॅमेऱ्याची पुढे आलेली फळी यांनीही हेच होतं. ओळखायची खूण अशी की या काळोखाला कड असते, तो हळूहळू उतरत नाही. उपाय म्हणजे आड येणारी वस्तू बाजूला करणं. बेलोजसाठी पिशवीसारखे सैल बॅग बेलोज मिळतात, ते घ्या.

दुसरं कारण लेन्सच्या नळीचं. छिद्र पूर्ण उघडं असताना कोपऱ्यातून पाहिलं तर पुढची आणि मागची कडी त्याला दोन्ही बाजूंनी कापतात, आणि गोल छिद्र बदामासारखं दिसतं. शटर उघडं ठेवा, ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्याला डोळा लावा आणि लेन्सकडे बघत छिद्र हळूहळू लहान करा. एका क्षणी छिद्राची सगळी कड दिसू लागते. त्या आकड्याला हे कारण संपलं. एफ/८ ची ९० मिलिमीटर लेन्स असेल तर एफ/१६ ते एफ/२२ च्या आसपास हे घडतं. तो आकडा लेन्सबोर्डच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.

तिसरं कारण छिद्र कितीही लहान केलं तरी जात नाही. बहुतेक नवखे इथेच फसतात. एफ/४५ वर गेलं की कोपरे उजळतील असं वाटतं, पण ते उजळत नाहीत, उलट डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्राच्या कडेला प्रकाश पसरल्याने) सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. पुढचा सगळा लेख या तिसऱ्या कारणाबद्दल आहे.

ग्राउंड ग्लासवर काळे दिसणारे कोपरे बघून घाबरू नका. काच प्रकाश सरळ पुढे जास्त फेकते, तिरका कमी पसरवते, म्हणून मध्यभागी झगझगीत डाग आणि कडेला अंधार दिसतो. डोकं हलवलं की डागही हलतो. फिल्मवर एवढा फरक नसतो. याच कारणाने ग्राउंड ग्लासला मीटर लावून कोपरा मोजू नका, आकडा हमखास फुगून येतो.

२. तुमच्या लेन्सवर किती स्टॉप जातात ते काढा

कोपऱ्याकडे जाणारा प्रकाश तिरका जातो. त्याला अंतर जास्त पडतं, छिद्र त्याला तिरकं आणि म्हणून अरुंद दिसतं, आणि फिल्मवरही तो तिरका पडून जास्त जागेवर पसरतो. हे सगळं मिळून कोनाच्या कोसाइनचा चौथा घात होतो. ४५ अंशांवर मध्याचा चौथा हिस्सा प्रकाश उरतो, म्हणजे पुरे दोन स्टॉप गेले (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो).

चार बाय पाचच्या शीटवर प्रत्यक्ष चित्र साधारण ९५ बाय १२० मिलिमीटरचं असतं. मध्यापासून कोपरा सुमारे ७६ मिलिमीटरवर येतो. त्यावरून अनंतावर फोकस असताना, राइज किंवा शिफ्ट (लेन्स वर किंवा बाजूला सरकवणं) न करता, कोपऱ्यातली घट अशी निघते:

- १५० मिलिमीटर: सुमारे ०.७ स्टॉप
- ९० मिलिमीटर: १.६ स्टॉप
- ७५ मिलिमीटर: २.१ स्टॉप
- ६५ मिलिमीटर: २.५ स्टॉप

आता चांगली बातमी. विसाव्या शतकाच्या मध्याला सोव्हिएत रचनाकार रुसिनोव यांनी दोन्ही टोकांना मोठी फुगीर भिंगं असलेली सममित रचना पुढे आणली. तिच्यात तिरकं पाहिलं तर छिद्र आक्रसण्याऐवजी फुगल्यासारखं दिसतं, आणि चौथा घात जवळपास तिसऱ्यावर येतो. सुपर-अँग्युलॉन, ग्रँडागॉन, निक्कोर एसडब्ल्यू या लेन्स त्याच कुळातल्या. त्यांच्यासाठी ९० वर १.२, ७५ वर १.५ आणि ६५ वर १.९ स्टॉप धरा.

म्हणून जुनी लेन्स घेताना नाव नीट वाचा. अँग्युलॉन ९० एफ/६.८ आणि सुपर-अँग्युलॉन ९० एफ/८ या दोन अगदी वेगळ्या लेन्स आहेत. पहिली छोटी, हलकी आणि स्वस्त आहे, पण चार बाय पाचला जेमतेम पुरते आणि तिच्यात घट चौथ्या घाताची. दुसरीचं प्रतिमावर्तुळ (लेन्स फिल्मवर पाडते ते चित्राचं वर्तुळ) २१६ मिलिमीटरचं, निक्कोर एसडब्ल्यू ९० एफ/८ चं २३५. वास्तू टिपायच्या असतील तर वजन सोसून यांपैकी एक घ्या.

३. चित्र शेवटी कुठे जाणार ते ठरवा

फिल्टर घ्यायचा की नाही हे लेन्स पाहून ठरवू नका, शेवटचं चित्र कशावर होणार ते पाहून ठरवा. हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

कृष्णधवल निगेटिव्ह घ्या. नेहमीच्या धुण्यात तिचा कॉन्ट्रास्ट ०.६ च्या आसपास असतो, म्हणजे लेन्सने केलेला १.२ स्टॉपचा फरक निगेटिव्हवर ०.७ स्टॉप एवढाच उरतो. निगेटिव्हचे कोपरे पातळ असतात, म्हणून प्रिंटमध्ये ते काळे यायला हवेत. पण एनलार्जरची (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राची) लेन्सही कोपऱ्यांना कमीच प्रकाश देते, आणि कमी प्रकाश म्हणजे कागदावर उजळपणा. १५० च्या एनलार्जिंग लेन्सवर तिपटीने मोठं करताना ही घट साधारण ०.४ स्टॉप असते. एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून निघतो आणि हाती ०.३ स्टॉपचा फरक राहतो. तेवढा हाताने काढता येतो. ९० ची लेन्स वापरून डार्करूममध्ये प्रिंट करणारे अनेक जण सेंटर फिल्टरशिवाय आयुष्य काढतात ते यामुळे.

तीच निगेटिव्ह स्कॅन केली तर एनलार्जरची मदत गेली, कोपरे पुन्हा ०.७ ने मागे. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्येही (निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून केलेल्या) तेच. "डार्करूममध्ये छान आलेली निगेटिव्ह स्कॅनमध्ये कोपऱ्यांत का काळी पडते?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

स्लाइड फिल्मचं वागणं उलटं. ती फरक लहान करत नाही, वाढवते. १.२ स्टॉपचा फरक तिच्यावर जवळपास दोन स्टॉपसारखा दिसतो, आणि कोपऱ्यात आधीच गडद लाकूड असेल तर ते गेलंच. माझ्या तुळया अशा गेल्या. एक्स-रे फिल्म स्वस्त म्हणून वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. ती सहज फार कॉन्ट्रास्टी होते आणि कोपऱ्यांची घट तेवढीच ठसठशीत दिसते. शीट जास्त वेळ धुऊन कॉन्ट्रास्ट वाढवलात तरी परिणाम तोच.

माझा सल्ला असा. स्लाइड असेल तर ९० पासूनच फिल्टर. निगेटिव्ह असेल आणि डार्करूम असेल तर ९० ला नको, ७५ ला चालवून घेता येतं, ६५ ला मात्र हवा. निगेटिव्ह स्कॅन करणार असाल तर ९० ला टप्पा ८ पुरतो, ७५ च्या खाली फिल्टर घ्या. मोकळ्या माळावरचं आकाश थोडं गडद होणं बहुतेकांना आवडतंच, तिथे काही न करणं हाही चांगला निर्णय आहे.

४. सेंटर फिल्टर घेताना आणि लावताना

सेंटर फिल्टर म्हणजे मध्यभागी करडा आणि कडेकडे विरळ होत स्वच्छ होणारा काचेचा फिल्टर. तो कोपऱ्यांना काही देत नाही, मध्याला कोपऱ्यांच्या पातळीवर खाली आणतो. कल्पना जुनी आहे. गोएर्झ कंपनीच्या १९०० सालच्या हायपरगॉन लेन्सपुढे एक दातेरी चांदणी असे. रबरी फुग्याने हवा मारून ती फिरवायची, म्हणजे मध्याचा प्रकाश अडायचा, आणि थोड्या वेळाने ती खाली पाडून उरलेलं एक्स्पोजर द्यायचं. आजची काच तेच काम गुपचूप करते.

हे फिल्टर महाग असतात, कधी कधी वापरलेल्या लेन्सइतकेच. जुना घ्यायचा असेल तर या गोष्टी बघा:

- पांढऱ्या प्रकाशपेटीवर ठेवून करडा भाग बरोबर मध्यात आहे ना, कुठे डाग किंवा सोललेला थर नाही ना
- कडीवर लिहिलेला फॅक्टर किंवा स्टॉप. बहुतेक दीड ते दोन स्टॉपचे असतात
- मागचे आटे तुमच्या लेन्सचे आहेत का. वर सांगितलेल्या दोन्ही एफ/८ लेन्सना ६७ मिलिमीटर लागतात
- पुढचे आटे किती. ६७ च्या फिल्टरचा पुढचा आटा ८६ सुद्धा असतो, म्हणजे तुमचे जुने पिवळे-लाल फिल्टर त्यावर बसणार नाहीत

दुसऱ्या कंपनीचा फिल्टर चालतो का? आटे जुळत असतील आणि तो जवळपास तेवढ्याच कोनाच्या लेन्ससाठी बनवलेला असेल तर कृष्णधवलसाठी नक्कीच चालतो. मधे अ‍ॅडॅप्टर रिंग घालून तो पुढे ढकलू नका. काचेपासूनचं अंतर बदललं की उताराचं गणित बिघडतं. याच कारणाने रंगीत फिल्टर लावायचा असेल तर सेंटर फिल्टर लेन्सला लागून आणि रंगीत त्याच्यापुढे.

फिल्टरशिवाय फोकस करा, नाहीतर काळ्या कापडाखाली काही दिसणार नाही. मग छिद्र पूर्ण उघडं असतं त्याहून निदान दोन स्टॉप लहान करा आणि शेवटी फिल्टर चढवा. उघड्या छिद्रावर प्रत्येक बिंदूकडे जाणारा प्रकाशाचा झोत फिल्टरचा एवढा मोठा भाग व्यापतो की मध्य आणि कड यांतला भेदच पुसला जातो. एफ/८ ची लेन्स असेल तर एफ/१६ पेक्षा मोठ्या छिद्रावर फिल्टरकडून कामाची अपेक्षा ठेवू नका, एफ/२२ उत्तम.

५. एक्स्पोजरचं गणित, त्याच क्रमाने

फिल्टरचा फॅक्टर मध्यासाठी असतो. दीड स्टॉप म्हणजे २.८ पट वेळ. वाड्यांच्या आत काम करताना मात्र रेसिप्रोसिटी (लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, म्हणून वेळ आणखी वाढवावा लागतो) आडवी येते, आणि दोन हिशोबांचा क्रम चुकला की शीट कमी उजेडाची येते.

उदाहरण घ्या. इल्फोर्ड एफपी४ प्लस, एफ/२२, मीटर म्हणतं ८ सेकंद. आधी फिल्टर: ८ गुणिले २.८ म्हणजे साधारण २३ सेकंद. मग रेसिप्रोसिटी. इल्फोर्ड या फिल्मसाठी १.२६ हा घातांक देतं, २३ चा १.२६ वा घात सुमारे ५२. म्हणजे ५२ सेकंद द्या.

उलट क्रमाने केलंत, आधी ८ चे १४ आणि मग २.८ पट, तर ३९ येतात. ही जवळपास अर्ध्या स्टॉपची चूक आहे, आणि ती नेमकी सावल्यांत जाते.

फिल्टर वापरत नसाल आणि कोपऱ्यात गडद, महत्त्वाचं काही असेल तर निगेटिव्हवर एक स्टॉप जास्त द्या. कोपऱ्यातल्या सावलीला मीटर लावून तिथली घट हिशोबात धरा. निगेटिव्ह मध्यभागी थोडी घट्ट होईल, प्रिंटला दहा सेकंद जास्त लागतील, एवढंच. फिल्मवर न उमटलेली सावली मात्र कुठल्याही उपायाने नंतर आणता येत नाही. स्लाइडला हा उपाय नाही, मध्य जळून जाईल.

६. राइज दिल्यावर काय होतं

दिंडी दरवाजा किंवा वाड्याचं दर्शनी भिंतकाम घेताना लेन्स वर उचलली की फिल्मचा मध्य आणि प्रतिमावर्तुळाचा मध्य वेगळे होतात. आडव्या शीटवर ९० ची आधुनिक लेन्स २५ मिलिमीटर उचलली, तर आकाशाकडचे कोपरे साधारण १.६ स्टॉपने मागे जातात आणि जमिनीकडचे फक्त ०.९ ने. घट एकसारखी न राहता चित्र वरच्या बाजूला कलतं.

इथे सेंटर फिल्टर बिनतोड ठरतो. तो लेन्सवर असल्याने लेन्सबरोबर वर जातो आणि बरोबर जागीच प्रकाश अडवतो. स्कॅनरवर किंवा एनलार्जरखाली दुरुस्ती करायची तर केंद्र तुम्हाला हाताने सरकवावं लागतं, आणि त्यासाठी राइज किती होता ते माहीत असावं लागतं.

७. एनलार्जरखाली

टेस्ट स्ट्रिप (वेळ ठरवायची कागदाची चाचणीपट्टी) आडवी कापू नका. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी कापा, म्हणजे दोन्हींचा वेळ एकाच पट्टीवर वाचता येतो. कोपरे बरोबर दिसतील तो वेळ मूळ धरा. मग काळ्या कार्डबोर्डला मुठीएवढं लंबगोल भोक पाडून, कार्ड लेन्स आणि कागदाच्या मधोमध धरून, सतत हलवत आणि वरखाली करत मध्याला उरलेला वेळ द्या. कार्ड थांबलं की कड उमटते. सुरुवातीला तीन-चार कागद फुकट जातील, मग हाताला सवय होते.

तुमचा एनलार्जर स्वतः किती घट करतो ते एकदा पाहून ठेवा. रिकामा नेगेटिव्ह कॅरियर लावून कागदाला फिकट करडा येईल एवढाच उजेड द्या आणि धुवा. काहींचे बल्ब मध्यात बसलेले नसतात, एक कोपरा बाकी तिघांपेक्षा वेगळा निघतो. तो दोष लेन्सच्या माथी मारू नका.

८. स्कॅन करत असाल तर

फोटोशॉपमधलं व्हिग्नेट दुरुस्त करायचं सरकपट्टीचं साधन ९० च्या लेन्सवर, राइज नसेल तर, पुरेसं आहे. त्यापुढे मी संदर्भ शीट वापरतो. ढगाळ दिवशी दुधी अ‍ॅक्रिलिक लेन्सच्या तोंडाला लागून धरा, नेहमीचं छिद्र ठेवा आणि एक शीट मध्यम करड्यावर घ्या. ती बाकीच्या शीटबरोबर, त्याच केमिकलमध्ये, तेवढाच वेळ धुवा. मग दोन्ही शीट अगदी सारख्या सेटिंगवर, स्कॅनरचं सगळं ऑटो बंद करून, सोळा बिटमध्ये, उलट न करता निगेटिव्ह म्हणूनच स्कॅन करा. संदर्भाचं स्कॅन भरपूर ब्लर करा, म्हणजे धूळ आणि ग्रेन जाईल, आणि चित्रावरच्या लेयरमध्ये डिव्हाइड मोडवर ठेवा. जिम्पमध्येही हा मोड आहे. कोपरे सपाट झाले की मग उलटं करा. आधी उलटं करून भागाकार केलात तर प्रमाण चुकतं.

संदर्भ शीट त्याच लेन्सची आणि त्याच छिद्राची लागते. राइज असेल तर त्याच राइजवर घ्यायची, म्हणून मी आता जागेवरच मूळ चित्रानंतर अ‍ॅक्रिलिक धरून लगेच दुसरी शीट घेतो. एक शीट जास्त जाते. पडायला आलेल्या वाड्यात ती मला महाग वाटत नाही.

होल्डरवर चिकटपट्टी लावून तिच्यावर चार गोष्टी लिहा: लेन्स, छिद्र, राइज-शिफ्ट मिलिमीटरमध्ये, आणि सेंटर फिल्टर होता की नव्हता. घरी आल्यावर आठवेल असं वाटतं, पण सहा होल्डर सारखेच दिसतात.